पातेल्याला मारलेली लाथ

बागायतदार आबांची बायको शिळी भाकरी माझ्या पदरात वरून टाकायची. हात लागू नये म्हणून जराही वाकायची नाही. भाकरी निसटून मातीत पडली की हसायची. "उचल की. तुला कसला आलाय इटाळ!"

मी उचलायची. फुंकर मारून अर्धी माझ्या सुजाताला द्यायची.

सुजाता आठ वर्षांची. त्या अर्ध्या भाकरीपायी ती उजाडताच माझ्याबरोबर आबांच्या उसात खुरपायला यायची. शाळेत नुसतं पटावर नाव. निमगाव केतकीच्या अलीकडच्या आमच्या वस्तीतली सगळीच पोरं तशी. धम्म घेऊन चाळीस वर्षं होत आली होती, पण पोट अजून आबांच्या बांधाला बांधलेलं. मला ते दिसत नव्हतं. उलट वाटायचं, आबा मोठ्या मनाचे.

मग इंदापूरला कॉलेजात शिकणारा गौतम चळवळीची शाखा काढायला आला. आम्हाला वाटलं, आता मोर्चा, घोषणा. हा म्हणाला, "पातेलं आणा." म्हातारे खो खो हसले. तेव्हा त्यानं समाजमंदिरात बसून अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं सांगितलं. पोलीस मारायचे म्हणून त्यांची तरणी पोरं बंदुका घेऊन रस्त्यावर उभी राहिली.

"बंदुका समद्यांना ठाऊक हाईत," गौतम म्हणाला. "पण तीच पोरं रोज सकाळी साळंतल्या लेकरांना न्याहारी करून घालायची. दवाखानं चालवायची. सरकार त्या न्याहारीलाबी भ्यालं. पोलिसांनी अन्नाची नासाडी केली."

न्याहारीला कशाला कोण भिईल, मला कळेना.

महिन्याभरात कळलं. घरटी मूठमूठ तांदूळ-डाळ गोळा व्हायची, मी खिचडी रांधायची. पोरं खाऊन थेट शाळेत. आबांच्या उसात एकही पोर दिसेना.

एका सकाळी आबा दोन गडी घेऊन समाजमंदिरात घुसले. पायात वहाणा तशाच.

"तुमच्या पोरांना खायाला घालाय आमी हाय की. ह्यो कसला धंदा मांडलाय?"

"आबा, बाजूला व्हा. खिचडी कढती हाय," मी म्हणाले.

त्यांनी पातेल्याला लाथ घातली.

सुजाता समोरच ताटली घेऊन बसली होती. गुडघ्याखालची कातडी खिचडीबरोबर निघाली. आधी ती नुसती पायाकडं बघत राहिली. मग किंचाळली. माझ्या हातात लोखंडी पळी होती, ती मी आबांच्या तोंडावर हाणली. दोन दात पडले. पुन्हा हाणली. गड्यांनी मला केसाला धरून फरफटत बाहेर आणलं आणि काठीनं उजवा हात मोडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

सुजाताला दवाखान्यात ठेवून आले, तर चावडीवर बैठक भरलेली. सरपंच म्हणाले, "आबाच्या पाया पड. मिटवून टाकू."

आबा तोंडाला फडकं लावून बसले होते. माझी सासू रडत म्हणाली, "पड बाई. आपल्याला हितंच ऱ्हायचं हाय."

मोडका हात छातीशी धरून मी आबांसमोर उभी राहिले.

"न्हाय," मी म्हणाले.

तिथून उठून ठाण्यात गेले, फिर्याद दिली. आबांवर केस झाली, तशी माझ्यावरही झाली. होऊ दे. माझी फिर्याद मागं घे म्हणायला अर्धा गाव माझ्या दारात येऊन गेला. दात पाडायला नको होतेस, म्हणाले. मी म्हणाले, हात शाबूत राहिला असता तर सगळे पाडले असते. माझ्या पोरीच्या पायाबद्दल त्यांतल्या एकानंही विचारलं नाही.

हात प्लास्टरात असतानाच मी ठरवलं. समाजमंदिरात आडोसा होता. आता चूल चावडीसमोर मांडायची. ज्याला लाथ मारायचीय त्यानं सगळ्या गावादेखत मारावी. आधी मला मारावं लागेल, आणि मी मुकाट मार खाणारी राहिलेली नाही.