गीतांजलीबाईंची लाल रेघ

कुणी हातात सीरमची बाटली दिली की गीतांजली परुळेकर ती आधी उलटी करत. पुढच्या बाजूला काय छापलंय ते वाचायची त्यांना गरजच वाटत नसे. पुढची बाजू जाहिरातवाल्यांची, मागची कायद्याची, आणि कायद्याचा बडगा असल्याशिवाय या धंद्यात कुणी खरं बोलत नाही, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

हे मत त्यांना फुकट मिळालं नव्हतं. शिरवण्याच्या बाजूला औद्योगिक पट्ट्यात एक कारखाना आहे, तिथल्या क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये त्यांची चोवीस वर्षं गेली होती. हा कारखाना स्वतःच्या नावानं काही विकत नाही, दुसऱ्यांच्या नावानं भरून देतो. एकाच टाकीतलं सीरम सकाळी काळ्या बाटलीत जातं आणि दुपारी गुलाबीत. काळी बाटली डॉक्टरी म्हणून खपते, गुलाबी नैसर्गिक म्हणून. घरी येताना पाम बीच रोडवरच्या फलकांवर दोघी शेजारी शेजारी झळकताना दिसल्या की बाई रिक्षात एकट्याच हसत. ते हसणं काही चांगलं नसे.

नेरूळच्या त्यांच्या सोसायटीत त्यांचा दरारा होता. बी विंगमधल्या नंदिनीताई एकदा लिफ्टपाशी पिशवीतून बाटली काढून म्हणाल्या, "बघा ना जरा, मुलाच्या पिंपल्ससाठी घेतलंय. यात कडुनिंब आहे, कोरफड आहे, केशरसुद्धा आहे."

बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं. "घटक जास्तीकडून कमीकडे लिहायचे असतात, बरं का. हे बघा, पहिलं पाणी. आता खाली या. हे फिनॉक्सिइथेनॉल. माल सडू नये म्हणून घालतात. एक टक्क्याच्या वर घालायला परवानगी नाही." त्यांनी तिथे बाटलीवरच रेघ मारली. "म्हणजे या रेघेच्या खालचं सगळं चिमूटभर. वाचा आता कोण कोण आहे खाली."

कडुनिंब, कोरफड आणि केशर, पुढच्या बाजूला ज्यांचे फोटो होते ती सगळी मंडळी रेघेखाली दाटीवाटीनं बसली होती.

"एवढा कडुनिंब तर टाकीवरून कावळा उडत गेला तरी पडेल," बाई म्हणाल्या आणि लिफ्टमध्ये शिरल्या. नंदिनीताईंनी बाटली पिशवीत परत ठेवली, पण त्यांचं तोंड पडलं ते पडलंच.

अशा बाईच्या घरात मुलीला मुरुमं यावीत याला काय म्हणायचं? जाई एकवीस वर्षांची, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडे लाल पुटकुळ्या. करोनाच्या काळात सगळ्यांनी मास्क लावले आणि नंतर काढले, जाईनं काढलाच नाही. कॉलेजात कॅन्टीनमध्येसुद्धा ती मास्क खालून उचलून घास घ्यायची. डिसेंबरात कॉलेजात नोकरीच्या मुलाखती झाल्या. मुलाखतीला मास्क काढावा लागेल असं कळल्यावर ती पोटात दुखतंय सांगून घरी बसली. दुसरी कंपनी मार्चमध्ये येणार होती, आणि या वर्षी तरी तीच शेवटची.

जाईची मैत्रीण समरा तिला नवनवीन सीरमं सुचवायची, जाई मागवायची, आणि बाई त्यांना नापास करायच्या. लॅबमधून आणलेली आम्लतेची कागदी पट्टी त्या सीरमच्या थेंबात बुडवत. "सॅलिसिलिक ॲसिड आहे म्हणे! पट्टीचा रंग बघ. त्याला आंबटपणा लागतो, एवढ्या सौम्य मालात ते झोपा काढतं." दुसऱ्यात वासाची अत्तरं निघाली, तिसऱ्यात रंध्रं बुजवणारं एक तेलकट रसायन. त्याच बाटलीवर रंध्रं बुजत नाहीत असं ठळक छापलं होतं. "हे कुणीही छापू शकतं," बाई म्हणाल्या. "उद्या मी फिनाइलवर छापीन." बाटली कचऱ्याच्या डब्यात गेली.

"आई, तू सगळ्यांना नापास करतेस," जाई एकदा चिडून म्हणाली. "पास कोण आहे ते तरी सांग ना!"

मग बाईंनी स्वतः एक निवडलं. साधं, बिनवासाचं, मुरुमांवर चालणारं नायसिनामाइड यादीत दुसऱ्या क्रमांकावर, अख्ख्या यादीत खोट काढायला जागा नाही. त्यांच्या आयुष्यात पास झालेलं ते बहुधा एकुलतं एक सीरम असावं. जाईनं ते तीन महिने इमानानं लावलं. पुटकुळ्या जागच्या हलल्या नाहीत.

आता चूक सीरमची नव्हती, म्हणजे ती जाईचीच असणार. "गुपचूप दुसरं काहीतरी चोपडत असशील. मोबाइलवरच्या त्या बाया सांगतात ते. पाणीपुरी खातेस. मास्कमध्ये दिवसभर घाम मुरवतेस." जाईचे वडील नंदकुमार न्हावा शेव्याच्या बंदरात क्लिअरिंग एजंटकडे नोकरीला होते. दिवसभर कस्टमवाल्यांना हो म्हणून ते घरी येत आणि बायकोलाही हो म्हणत.

रविवारी सकाळी मात्र घरात तह असे. बाई दिवाणावर बसत, जाई त्यांच्या पायाशी खाली, आणि वेंगुर्ल्याहून माहेरच्या घाण्यावरून आलेलं खोबरेल तेल कोमट होऊन वाटीत येई. आठवड्यात तेवढा अर्धा तास मायलेकी भांडत नसत. केसांना तेल मुरवून झालं की हाताला उरलेलं बाई जाईच्या कपाळावर, गालांवर, हनुवटीवर पुसून टाकत. त्यांच्या आईनं त्यांना असंच पुसलं होतं. चांगलं तेल नळाखाली धुऊन टाकायची त्यांच्या घरात रीत नव्हती.

जानेवारीत जाई इंटर्नशिपसाठी दीड महिना कोल्हापूरला गेली. परत आली तेव्हा दारातच तिनं मास्क काढला. कपाळ स्वच्छ होतं. गालांवर जुने डाग होते, पण नवीन एकही पुटकुळी नव्हती.

बाईंचा आनंद पोटात मावेना, पण तो त्यांनी त्यांच्या पद्धतीनंच बाहेर काढला. "बघ! पाणीपुरी बंद, मोबाइलवाल्या बाया बंद, कसा चेहरा उजळला! ऐकत नव्हतीस माझं."

आणि त्याच रविवारी त्यांनी दुप्पट प्रेमानं दुप्पट तेल जिरवलं. कोल्हापूरच्या पाण्यानं केसांचा पार झाडू झालाय म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात पुटकुळ्या परत आल्या, आधी कपाळावर, मग गालांवर. जाईनं मास्क परत चढवला. मुलाखत बारा दिवसांवर आली होती. बाईंनी पुन्हा तोंड सोडलं, "इथं आलीस आणि लागलीस परत काहीतरी फासायला!"  जाई खोलीत गेली आणि एका कागदावर दोन रकाने आखून घेऊन आली. चोवीस वर्षं तिची आई लॅबमध्ये तक्रारी अशाच तपासत होती आणि घरी येऊन त्याच्या गोष्टी सांगत होती, पोरीनं ते उचललं होतं.

"हे नेरूळ, हे कोल्हापूर," जाई म्हणाली. "सीरम दोन्हीकडे तेच, तूच पास केलेलं. मास्क दोन्हीकडे. पाणीपुरी कोल्हापूरला जास्तच खाल्ली, रोज. मोबाइलवरचं काही लावत नाही, ती समरापण आता कंटाळली. एकच गोष्ट कोल्हापूरला नव्हती."

ती स्वयंपाकघरात गेली आणि कोकम सरबताची जुनी बाटली घेऊन आली. वेंगुर्ल्याचं तेल वर्षानुवर्षं त्याच बाटलीत यायचं. तिनं ती आईसमोर ठेवली.

"हिच्यावर रेघ कुठं मारायची, सांग."

सवयीनं बाईंनी बाटली उचलली आणि उलटी केली. मागं काही नव्हतं. सरबताचं लेबल कधीच धुऊन गेलं होतं, त्या जागी गोंदाचे पिवळे डाग तेवढे उरले होते.

लॅबच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. मुरुमांवरच्या मालात रंध्रं बुजवणारं काय काय घालायचं नाही त्याची यादी. खोबरेल तेल तिसऱ्या ओळीत होतं आणि खाली सही होती, जी. परुळेकर. नव्या मुलींना त्या हा कागद पहिल्या दिवशी तोंडपाठ करायला लावत आणि चुकलं की सगळ्यांदेखत पाणउतारा करत. जगातल्या प्रत्येक बाटलीला खोटारडी म्हणणाऱ्या या बाईनं घरातल्या एका बाटलीला कधी प्रश्नच विचारला नव्हता, कारण ती माहेरून आली होती. पाच वर्षं पोरगी तोंड लपवत होती, आणि ती पाच वर्षं बाई रविवारच्या रविवारी स्वतःच्या तळव्यांनी तिच्या गालांवर ते पुसत होत्या, आणि वर तिलाच बोलत होत्या.

त्या माफी मागतील असं जाईला वाटलं नव्हतं, आणि त्यांनी मागितलीही नाही. बाटली उचलून फोडणीच्या डब्याशेजारी ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "आमटीला चालेल."

पुढचे दोन रविवार दिवाण रिकामा राहिला. जाई उशिरा उठली, बाईंनी तेवढ्या वेळात उगाच कपाट आवरलं.

बारा दिवसांत चेहरा काही काचेसारखा होत नाही. मुलाखतीच्या सकाळी जाईच्या कपाळावर पाच-सहा पुटकुळ्या होत्या, सुकत आलेल्या. ती बूट घालायला दाराशी वाकली, कानामागून मास्क सोडवला आणि चपलांच्या कपाटावर ठेवून दिला.

"राहू दे इथंच," ती म्हणाली. "येते मी, आई."

बाईंचा हात तिच्या गालाकडे गेला आणि मध्येच थांबला. "थांब जरा," म्हणत त्या मोरीत गेल्या. लॅबमध्ये धुतात तसे साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, नखांतून धुतले, स्वच्छ पंचाला पुसले. मग बाहेर आल्या आणि पोरीच्या गालावरून कोरडा हात फिरवला.