दुसऱ्या भागातलं ‘बगतो की’

रविवार, दिवाळीनंतरचा पहिलाच. सकाळची वेळ. स्थळ, कोल्हापुरातलं दादाचं गॅरेज. हजर: माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, गॅरेजचा मालक; त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची; दादाचे शाळेपासूनचे मित्र, पी.टी.चे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळं गाव सर म्हणतं; वहिनींचे भाऊ, म्हणजे शिरोळचे ऊसवाले पावणे; आणि मी. वहिनी तेवढ्या गैरहजर, कारण त्या आत चपात्या लाटत होत्या. पण स्वयंपाकघर आणि गॅरेजमध्ये एकच खिडकी आहे आणि ती कधी बंद नसते.

शाळेच्या कार्यालयात वर्षानुवर्षं सभांची इतिवृत्तं लिहिल्यामुळे मला हजेरी घेतल्याशिवाय पुढे लिहिता येत नाही. विषय एकच होता, आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी पाहिलेला सिनेमा. त्याचं नाव लिहीत नाही, कारण नाव काढलं की आमच्याकडे भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

सिनेमाचा पहिला भाग आला तेव्हा मी कॉलेजात होते. नायक वडापची जीप चालवायचा. गावागावातली माणसं टपावर, बोनेटवर, जमेल तिथे कोंबून न्यायची, वाटेत कोणी गुंड आडवा आला की डोक्याला टॉवेल बांधायचा, बाह्या वर सारायच्या आणि म्हणायचं, “बगतो की!” त्यानंतर गुंड नदीत. थिएटरात शिट्ट्यांनी पत्रा हलायचा. दादा मला फटफटीवर मागे बसवून तो सिनेमा पुन्हा पुन्हा दाखवायला न्यायचा. तेव्हा त्याने गॅरेज नुकतंच काढलं होतं. भिंतीवर लाल ऑइलपेंटने ‘बगतो की!’ लिहून घेतलं ते आजही आहे, फक्त उद्गारचिन्हाचं टिंब उडालंय.

परगावच्या वाचकांसाठी एक सांगायला हवं. आमच्याकडे या दोन शब्दांचे तीन अर्थ होतात. बाह्या सारून म्हटलं तर ‘तुला दाखवतोच’. बिघडलेल्या गाडीकडे बघून म्हटलं तर ‘सोडून जा, माझ्यावर सोपवलंस’. आणि नजर दुसरीकडे वळवून म्हटलं तर ‘होणार नाही, पण नाही कशाला म्हणू’. बाहेरचा माणूस यात फसतो. घरातलाही फसतो.

भाची वर्षभर फसत होती. तिने इलेक्ट्रिक गाड्यांच्या दुरुस्तीचं शिक्षण घेतलं होतं आणि तिला दादाच्या गॅरेजचा मागचा कोपरा हवा होता. तिथे चार्जिंगची सोय करायची, बॅटऱ्यांची कामं करायची, बापलेकीने एकाच छपराखाली काम करायचं, एवढीच तिची मागणी. त्या कोपऱ्यात दादाची ती जुनी फटफटी मेणकापड पांघरून उभी होती, सोबतीला गंजलेले सुटे भाग भरलेली खोकी. भाचीने विचारलं की दादा स्पॅनर शोधायला लागायचा आणि म्हणायचा, “बगतो की.” तिसरा अर्थ.

दरम्यान पुण्याच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तिला जायचं नव्हतं. पण कोपऱ्यासाठी तरी किती दिवस थांबणार?

तर अशा घरात आम्ही दुसरा भाग बघून आलो. त्यात नायक म्हातारा झालाय. केस पांढरे, गुडघे दुखतात, जीप विकलीय. त्याची मुलगी इलेक्ट्रिक टेम्पो चालवते आणि गुंडाला नदीत न टाकता ग्रामसभेत उभा करून घाम फोडते. पहिल्या भागावर जीव टाकणारे सगळे खवळले. आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की मला आवडला. उत्तरादाखल चपलांची चित्रं आली. कोल्हापुरात चपलांना काय तोटा!

त्या सकाळी गॅरेजमध्ये माझ्यावर प्रत्यक्ष सुनावणी झाली.

“गाडीला आवाजच न्हाय,” दादा म्हणाला. “हिरो येतोय हे कळायला नको? मांजर आल्यागत येतोय टेम्पो.”

“हिरो कुठे चालवतोय? मुलगी चालवतेय,” मी म्हटलं.

“तेच म्हणतोय मी. हिरो काय करालाय? चहा पितोय. बिनसाखरेचा!”

“त्याला शुगर आहे,” सर म्हणाले. “पण पडद्यावर कशाला? ती आम्हाला घरी आहेच.”

पावण्यांचं दुःख वेगळं होतं. “जीप इकली, ह्ये काय मला पटलं न्हाय बगा. आमी ऊस इकतो, म्हस इकतो, पन पयली गाडी कोन इकतंय व्हय?”

“गाडी शेवटी लोखंडच असते,” मी म्हटलं.

तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पांढऱ्या रश्शात साखर घातली.

मी माझे मुद्दे बोटांवर मोजूनच मांडते, तसे मांडले. एक, नायक तीसएक वर्षांनी तसाच दिसला असता तर तो सिनेमा नसता, भिंतीवरचा फोटो असता. दोन, पहिल्या भागात जी माणसं जीपच्या टपावर बसायची त्यांची मुलं आता काय करतात हे कुणीतरी दाखवायला नको का? तीन, तुम्ही सिनेमा बघत नव्हता, तुमची तरुणपणाची वर्षं परत द्या म्हणून तिकीटखिडकीवर उभे होतात.

“झालं भाषण?” दादा म्हणाला. “आता माझा एकच मुद्दा. आख्ख्या सिनेमात त्यो एकदा तरी ‘बगतो की’ म्हणाला का? एकदा?”

“म्हणाला.”

दादाच्या पान्याचा आवाज थांबला.

“कुटं?”

“शेवटी. मुलगी टेम्पोत बसते, किल्ली फिरवते आणि विचारते, ‘अण्णा, घराकडं बघतासा न्हवं?’ तेव्हा तो म्हणतो.”

“काय बोलालीस! त्यो नुस्ता उभा हाय तिथं.”

“मी तर डोळे फाडून बघत होतो,” सर म्हणाले.

“सर, तुम्ही घोरत होता,” भाची हसून म्हणाली. “मी कोपरानं ढोसलं की दोनदा.”

“ते मी मान डोलावत होतो.”

भाचीनेही ते ‘बगतो की’ ऐकलं नव्हतं, हे तिने प्रामाणिकपणे सांगितलं. माझ्या बाजूने मी एकटीच उरले. तेवढ्यात खिडकीतून लाटणं बाहेर आलं आणि त्यामागे वहिनी.

“वन्सं, हे भांडण शिनेमाचं न्हाय, कोपऱ्याचं हाय. मला सगळं ऐकू येतंय.” मग दादाकडे वळून म्हणाल्या, “एवढी खात्री हाय न्हवं? मग लावा पैज. त्यो म्हणाला आसंल तर कोपरा पोरीचा. न्हाय म्हणाला आसंल तर ती पुण्याला जाईल, परत नाव काढणार न्हाय. काय गं?”

भाचीचा चेहरा उतरला. मला वाटलं ती नको म्हणेल. ती माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली, आणि हलवतानाच पहिल्यांदा मला शंका आली. मी खरंच ऐकलं होतं ना? की मला ऐकायचं होतं म्हणून ऐकू आलं?

“चालंल,” भाची म्हणाली.

दादाने हात पुसले. “लावली. आजच जाऊया. दुपारचा शो.”

तिकिटं मी काढली. फॅन मंडळी रुसल्यामुळे हॉल जवळजवळ रिकामा होता, हवी ती खुर्ची मिळाली. बसण्याची व्यवस्था मीच लावली. सरांना मध्ये, म्हणजे दोन्हीकडून जागं ठेवता येईल. पावण्यांना कडेला, कारण त्यांना पाय लांब करावे लागतात. दादा माझ्या शेजारी, भाची त्याच्या पलीकडे. वहिनीही आल्या; पैज त्यांची होती. पॉपकॉर्नला मी बंदी घातली, चावण्याच्या आवाजात संवाद बुडतात म्हणून.

दुसऱ्यांदा बघताना सिनेमा मला आणखी आवडला. ग्रामसभेच्या प्रसंगाला तर पावण्यांनी मांडीवर थाप मारली आणि लगेच आपण विरोधी पक्षात आहोत हे आठवून हात आवरला. सर पूर्ण जागे होते आणि म्हातारा नायक गुडघा धरून पायरी चढला तेव्हा त्यांनी हळूच स्वतःचाही गुडघा चोळला.

मग तो प्रसंग आला. अंगण, टेम्पो, मुलीच्या हातात किल्ली. नायक दारात, हातात तोच बिनसाखरेचा कप. पडद्यावरची मुलगी म्हणाली, “अण्णा, घराकडं बघतासा न्हवं?”

आणि नेमक्या त्या क्षणी शिरोळच्या पावण्यांनी, आम्हाला मदत व्हावी या शुद्ध हेतूने, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तशा आवाजात सांगितलं, “आता! आता म्हंतोय बगा! गप बसा समदी!”

टेम्पो निघून गेला. पडद्यावर नावं वर सरकायला लागली.

“पावणं!” वहिनी ओरडल्या. सख्ख्या भावाला पावणं म्हणाल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“मी तुमास्नी सावध केलं...”

“गप्प बसा म्हणणारा माणूसच बोलत होता,” सर म्हणाले. “मला ओठ हललेले दिसले. पण काय म्हणाला ते कळलं नाही.”

“चहाचा घोट घेतला असंल,” पावणे म्हणाले आणि भाचीने कपाळाला हात लावला.

तेव्हा मागच्या रांगेतून एका अनोळखी बाईंचा आवाज आला. नऊवारी, मांडीवर नातवंड झोपलेलं. “बगतो की म्हणाला वो. सरळ ऐकू आलं मला. पावणं, तुमी जरा गप बसत जावा की.”

“मावशी, पक्कं?” भाची खुर्चीवर उलटी वळली होती.

“पक्कं म्हंजे? आमचं मालक जल्मभर त्येच म्हणत आल्यात. फरक एवढाच, ह्यो करनार हाय.”

वहिनी इतक्या हसल्या की ते नातवंड जागं झालं. भाचीने मला मिठी मारली, मग आईला, मग चुकून सरांना. पावणे म्हणत राहिले की निकाल त्यांच्यामुळेच लागला, कारण त्यांनी शांतता केली. दादा दिवे लागेपर्यंत पडद्याकडे बघत बसला.

घरी जाताना तो माझ्या स्कूटरवर मागे बसला. पूर्वी तो पुढे आणि मी मागे असायचे. सिग्नलला थांबलो तेव्हा तो माझ्या खांद्याजवळ वाकून म्हणाला, “काल बी ऐकलं हुतं मी.”

“काय?”

“त्यो म्हणाला त्ये. काल बी ऐकलं हुतं.”

सिग्नल हिरवा झाला, मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला, तरी मला पुढे निघायचं सुचेना. म्हणजे हरणार हे माहीत असूनच त्याने पैज लावली होती.

“मग सकाळी एवढा आरडाओरडा कशाला केलास?”

“राग आला हुता,” तो म्हणाला. “आसं हळू म्हणायचं आस्तंय व्हय त्ये? बाह्या न्हाईत, टॉवेल न्हाय. किल्ली दिऊन मोकळा.” मग घराजवळ आल्यावर म्हणाला, “पेट्रोल भर. काटा खाली आलाय.”

गॅरेजपाशी उतरल्यावर तो आत गेला नाही. भाची वहिनींना घेऊन तिच्या इलेक्ट्रिक स्कूटरवरून मागून आली. आवाज नसल्यामुळे आम्हाला कळलंच नाही, ती एकदम शेजारीच उभी दिसली. दादा दचकला आणि म्हणाला, “बग, मांजर!” पण हसत म्हणाला.

तिने हेल्मेट काढलं आणि विचारलं, “पप्पा, कोपऱ्याचं?”

मी दादाच्या नजरेकडे बघत होते, कारण अर्थ तिथेच कळतो. त्याने स्पॅनर शोधला नाही. सरळ तिच्याकडे बघितलं. एखादं गिऱ्हाईक गाडी सोडून जायला कचरत असलं की त्याच्याकडे बघतो, तसं.

“बगतो की,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खोकी हलली. सर आणि पावणे दोघंही मदतीला आले. सरांनी शिट्टी फुंकून शिस्त लावायचा प्रयत्न केला, पावण्यांनी एकट्याने सगळं उचललं. जे भंगार होतं ते गेलं, जे दादाच्या मते भंगार नव्हतं ते माळ्यावर गेलं. भाचीने पुण्याला नम्रपणे नकार कळवला. इलेक्ट्रिशियन येऊन गेला. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र दादा अजून दुसऱ्या भागाला शिव्या घालतो. मी विचारलं तर म्हणतो, ग्रुपचा मान राखावा लागतो.

माझ्या कामांच्या यादीत या प्रकरणातलं एकच कलम उरलंय: फटफटी कुठे ठेवायची. पावणे शिरोळला गोठ्यात जागा द्यायला तयार आहेत. सरांनी जिना सुचवला. वहिनींनी भंगारवाल्याचा नंबर खिडकीतून पुढे केला आणि दादाने तो बघितलाच नाही. भाची म्हणते राहू दे, तिची अडचण नाही; तिने फटफटीच्या हँडलवर चार्जरची वायर गुंडाळून ठेवायला सुरुवात केलीय. पण दुसरी गाडी आत घेताना दर वेळी ही आधी बाहेर काढावी लागते. मी काल पुन्हा दादाला विचारलं. त्याने मेणकापडाची एक बाजू सारखी केली, दाराबाहेर बघितलं आणि म्हणाला, “बगतो की.”

कलम तसंच ठेवलंय.