पी, ए, एन, आय

"हे पानी कुठल्या विहिरीचं?" कॉम्प्युटरवर छापून आलेला कागद साहेबांनी पाहुण्यांसमोर धरला. टेबलाभोवतीचे चौघेही हसले. मी दाराशी उभी होते, उरलेले कागद हातात घेऊन.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वालीवच्या त्या कारखान्यात थंड हवा वाहून नेणारे पत्र्याचे पाइप बनत. मी मिठागरावरच्या घरातली, इंग्रजी शाळेत शिकलेली, गणिताची पदवीधर. नेमणूक टायपिस्टची. कॉम्प्युटर आला तेव्हा मला त्याच्या खोलीत बसवलं. खिडकी नाही. दार कायम बंद. मशीन तापू नये म्हणून गारठा. मी शाल घेऊन बसायचे. पाहुणे आले की निरोप यायचा, बाईंनी बाहेर येऊ नये. त्या दिवशी कागद कमी पडले म्हणून बोलावलं, एवढंच.

पाइप छताखालून जातो तेव्हा बाहेरची उष्णता आतल्या हवेत शिरते. किती शिरेल, हे पाइप चढवण्याआधी कळायला हवं. साहेब बाहेरचं तापमान म्हणून ऑफिसातलं तापमान धरत. मी भर दुपारी शिडीवर चढून छताच्या पत्र्याखाली थर्मामीटर धरला. मग प्रोग्रॅम लिहिला. पाइपाचे फूटफूटभर तुकडे कल्पिले. एका तुकड्यात हवा जेवढी तापेल, तेवढी तापलेली पुढच्या तुकड्यात जाईल. जिथे गार पाइपाला बाहेरून घाम सुटेल, थेंब धरतील, तिथे छापून यायचं: पी, ए, एन, आय.

घरी आम्ही पानीच म्हणतो. एकदा टेलिफोनवर ते माझ्या तोंडून निसटलं आणि साहेबांनी ऐकलं. तेव्हापासून ते मला सगळ्यांसमोर 'पाणी' म्हणायला लावत. मी म्हणायचे. नोकरी हवी होती.

"आधी ण शिका बाई," ते त्या दिवशी म्हणाले, "मग आम्हाला हवा शिकवा. आणि चहा सांगा."

मी चहा सांगितला. हो, सांगितला.

खोलीत परत येऊन कागद पाहिला. इंग्रजी अक्षरांत ण नसतोच. साहेबांनी लिहिलं असतं तरी हेच लिहिलं असतं. कागदात चूक नव्हती. हसले ते मला.

संध्याकाळी अहवाल टाइप करायला आला. आकडे सगळे माझे. पहिल्या पानावर नाव साहेबांचं. माझी फक्त आद्याक्षरं, शेवटच्या पानाच्या तळाशी, टायपिस्टची असतात तशी, लहान अक्षरांत यायची होती. वर सूचना: ते पानी काढा.

मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवले. म्हटलं, "काढणार नाही. हिशेब माझा आहे, नाव माझं घाला. नाहीतर टाइप दुसऱ्याकडून करून घ्या."

त्यांनी दुसऱ्याकडूनच करून घेतलं. अहवाल त्यांच्या नावाने गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याच बंद खोलीत, तीच शाल घेऊन. जायला दुसरी जागा नव्हती. पण साहेबांनी पुन्हा 'पाणी' म्हणायला सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. तेच आधी उठून गेले. त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक प्रोग्रॅमची पहिली ओळ म्हणजे माझं पूर्ण नाव.

बाळांनो, फोनवर तुम्ही हसत मला दुरुस्त करता, "आजी, पाणी." तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं.

मी पानीच म्हणणार. हसू आलं तर फोन ठेवा.