सासऱ्यांच्या रायफलीची अंघोळ

लग्न होऊन चिचगडजवळच्या त्या गावी आले, तेव्हा या घरात सगळ्यात जास्त लाड कुणाचे होतात ते आठवड्यातच कळलं. रायफलीचे. रानडुकरांपासून धान राखण्यासाठी सासऱ्यांकडे तिचा परवाना होता. दर रविवारी ओसरीवर तिची अंघोळ चाले. माझ्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून ते सळईनं नळीतून ओढत. स्वतःच्या पोराला त्यांनी एकदाही न्हाऊ घातलं नाही, असं सासूबाई सांगत. मग तेल. त्या बाबतीत त्यांचा हात फार सढळ. मागच्या सरकत्या बोल्टमध्ये, चापाशी, भोक दिसेल तिथे तेल, आणि वरून ट्रॅक्टरचं ग्रीस.

त्या वर्षी धान कापणीला आलं आणि डुकरं बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरली. थंडी पडली होती. दिवस मावळताना सासरे मचाणावर चढले. सासूबाई आणि मी खाली. डुकरं आली. सासऱ्यांनी चाप ओढला. टिक्. पुन्हा ओढला. टिक्. डुकरांनी माना वर करून आदरानं पाहिलं आणि जेवण पुढे चालू ठेवलं. शेवटी सासूबाईंनी पिंप बडवलं, तेव्हा गेली.

गोंदियाच्या बंदूकवाल्यानं बोल्ट उघडला. गोळीवर आदळणारी आतली पिन थंडीनं घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये रुतून बसली होती.

"चाचा, बंदूक है, पुरी नहीं," तो म्हणाला.

मग सगळं कोरडं पुसून घेतलं, दस्त्याचे ढिले स्क्रू आवळले. घरी येऊन सासऱ्यांनी वारुळावर कागद चिकटवला आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, हळूहळू ठोकत नेम बसवला. कागदाच्या मधोमध भोक पडलं, त्या दिवशी सगळ्या गावाला डुकराच्या मटणाचं आवतण गेलं. असं डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, ही क्षुल्लक बाब कुणी काढली नाही.

डुकरं पुन्हा आली. सासऱ्यांनी बराच वेळ नेम धरला. मग नळी वर उचलून गोळी आभाळात झाडली. डुकरं पळाली.

"काऊन नाई मारलं?" सासूबाईंनी विचारलं.

"संगं पिल्लं होते," ते हळूच म्हणाले.

सकाळी लोक मटण न्यायला गंज-पातेली घेऊन दारात हजर. सासऱ्यांनी त्यांना माशी सरकल्याचं सांगितलं. चांगला महिनाभर गाव त्यांच्या नेमबाजीवर हसलं. ते ऐकून घेत. पिल्लांचं आम्ही दोघींनीही कुणाला सांगितलं नाही.