इथे अवी उभा राहतो

अन्याय झाला तो माझ्या काकांवर, अविनाश रेगे यांच्यावर. कधी, तर जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी, काकू त्यांना उपमा वाढत असताना. फोन टुणकन वाजला, काकांनी चष्मा लावून मेल वाचला आणि ताटली बाजूला सारली. ज्या फुटबॉल क्लबच्या स्टेडियममध्ये ते वीसेक वर्षं ऊन-पाऊस-बर्फात उभे राहिले, त्या क्लबने त्यांचं डाउअरकार्टे, म्हणजे अख्ख्या मोसमाचं तिकीट, काढून घेतलं होतं. कारण दिलं होतं, अपुरा वापर. काका तेव्हा हृदयाच्या ऑपरेशननंतर रेहामधून, म्हणजे पुनर्वसन केंद्रातून, नुकतेच घरी आले होते. ऑक्टोबरात ते गेले. क्लबने त्यांना मारलं असं मी म्हणणार नाही. हृदय अधू होतंच, आणि मला खोटा आरोप करायची गरज नाही, खरा पुरेसा आहे. क्लबचं नावही लिहिणार नाही. या लोकांची फुकटात जाहिरात पुष्कळ झाली. त्यातली निम्मी माझ्या काकांच्याच चेहऱ्यावर झाली, त्याबद्दल पुढे.

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाडेकरू संघटनेची पत्रकं वाटत चौकात उभी होते. काकू म्हणाली, "काका गेले ग." आणि मग, "उवेला तू कळव. मला ते जर्मनमध्ये नाही सांगता येणार." घरच्यांच्याही आधी तिला उवे आठवला. निवृत्त बस ड्रायव्हर, आवाज भोंग्यासारखा, स्टेडियममधला काकांचा शेजारी. मी सांगितल्यावर तो भोंगा इतका बारीक झाला की मला वाटलं लाइन कट झाली.

उवे काकांना भेटला ती गोष्ट काका प्रत्येक पाहुण्याला सांगत. तेव्हा ते पुण्याहून जर्मनीत नवे आलेले, राहायला ब्योब्लिंगेनला, ऑफिस गेर्लिंगेनला. ऑफिसातल्या कुणीतरी एका शनिवारी त्यांना तासाभरावरच्या गावात मॅचला नेलं. खालच्या लीगमधला क्लब, सिमेंटच्या पायऱ्या, खुर्च्या नाहीत, सगळे उभे. लोखंडी कठड्याशी एक मोकळी जागा दिसली म्हणून काका तिथे टेकले, तर शेजारचा माणूस म्हणाला, "इथे हाइन्झ उभा राहतो." काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "कुठाय हाइन्झ?" "दवाखान्यात." कठड्याला एक मफलर बांधला होता, तो हाइन्झचा. काका मुकाट एक पायरी खाली सरकले. त्या गर्दीत, जिथे माणसं एकमेकांच्या बगलेत नाक खुपसून उभी होती, तिथे एका आजारी माणसाची हातभर जागा कुणी घेत नव्हतं, आणि त्याच्या कार्डावर दुसरं कुणी आतही येत नव्हतं. घरी आल्यावर काका काकूला म्हणाले, "आजाऱ्याची जागा राखतात ग ती माणसं. आपण तिथेच उभं राहायचं." फुटबॉलमधलं त्यांना तेव्हा ओ का ठो कळत नव्हतं.

नंतर सगळं कळायला लागलं, जरा जास्तच. हाइन्झ बरा होऊन आला, काही वर्षांनी कायमचा गेला, आणि ती जागा उवेने काकांना दिली. क्लबच्या लेखी त्या पायऱ्यांवर कुणाचीच ठरलेली जागा नसते, हे लक्षात ठेवा. कार्डावर फक्त ब्लॉक असतो. जागा माणसं देतात. गेटवर डबे आत नेऊ देत नाहीत म्हणून काकू चिवड्याच्या कागदी पुड्या करून द्यायची, आणि काकूने विणलेला कुसुंबी मफलर, जो क्लबच्या रंगांशी अजिबात जुळत नव्हता, तो काका मे महिन्यातही घालायचे. क्लब वरच्या लीगमध्ये गेला त्या दिवशी काका फेटा बांधून गेले. क्लबच्या फोटोग्राफरला लॉटरी लागली. पुढच्या मोसमाच्या जाहिरातीत, त्या गावच्या स्टेशनावर, माणसाच्या दुप्पट उंचीचे काका, फेट्यात, तोंड उघडं, आणि खाली लिहिलेलं, "तुझी जागा इथेच आहे." काकांना विचारलं होतं का? छे. क्लब म्हणे कुटुंब, आणि कुटुंबातल्या माणसाला कशाला विचारायचं!

आणि मग ऑपरेशन. अर्धा मोसम हुकणार हे दिसत होतं. मी म्हटलं, काका, तुमच्या कार्डावर मी जाते की. त्यांनी मला असं झापलं की नर्स डोकावली. "माझ्या कार्डावर कुणी जायचं नाही. उवेने माझा मफलर बांधलाय. जागा राखलेली आहे." खरंच होती. दर मॅचला उवे त्या मोकळ्या कठड्याचा फोटो पाठवायचा आणि काका तो शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना दाखवायचे. आणि क्लबच्या सिस्टिमने काय पाहिलं? कार्ड गेटवर वाजलं नाही. पुन्हा वाजलं नाही. माणसांनी मान म्हणून जी जागा मोकळी ठेवली, तीच क्लबला वाया गेलेली दिसली. येता येत नसेल तर ॲपमधून जागा सोडा, म्हणजे ते ती पुन्हा विकणार, असा नवा नियम. उवे आजही म्हणतो, "मी मूर्ख, मी मफलर बांधत बसलो, कार्ड वाजवायला हवं होतं." नाही उवे, मूर्ख तू नाहीस.

त्या मंगळवारी काकांनी स्पीकरवर फोन लावला. फॅन-सेवा नावाच्या खात्यातला एक हसरा मुलगा. "आल्झो, त्याचं असं आहे, सिस्टिममध्ये तुम्ही निष्क्रिय दिसता."

"मी दवाखान्यात होतो."

"गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणूनच जागा सोडायची ना. दुसऱ्या फॅनला आनंद मिळाला असता." मग त्याने समोरच्या स्टँडमध्ये खुर्चीच्या तिकिटावर सवलत देऊ केली. काका म्हणाले, धन्यवाद. फोन ठेवल्यावर काकू उसळली, "अहो, त्याला धन्यवाद कसले देता?"

"मग काय शिव्या देऊ? पोरगं आहे ते."

"सवलत म्हणे! बसायची!"

काका हसले. "पाहुण्यासारखं समोर बसून माझ्याच जागेकडे बघत राहू होय ग?" समोर बसायला ते गेले नाहीत. त्या ब्लॉकमध्ये सुटी तिकिटं मिळत नाहीत. प्रतीक्षायादीत नाव घातलं, अगदी शेवटी.

त्यांची माझी शेवटची भेट एका शनिवारी. बाल्कनीत रेडिओवर मॅच लावलेली, आणि काका दोन्ही हातांनी बाल्कनीचा कठडा धरून उभे. समोर पार्किंग. काकू आतून ओरडत होती, "अहो, बसा की जरा! डॉक्टरांनी काय सांगितलंय?" काका माझ्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाले, "बसून बघायला ते काय नाटक आहे?" हरले त्या दिवशी. काका शेवटपर्यंत उभे होते.

ते गेले आणि क्लबला एकदम पाझर फुटला. फेट्यातला तोच फोटो, क्लबच्या रंगातलं हृदय, "आमच्या कुटुंबातला एक तारा." शिवाय निरोप, की घरच्यांनी मॅचआधी मैदानावर यावं, दोन मिनिटांचा कार्यक्रम, फोटो. ज्याला गेटातून आत सोडलं नाही, त्याच्या बायकोला हिरवळीवर उभी करणार होते. मी चिडून चार पानी उत्तर लिहायला बसले. काकू म्हणाली, "एवढं कशाला? सांग त्यांना, फोटो आहे तुमच्याकडे."

काकांचं कार्ड आता एका तरुण जोडप्यातल्या मुलाकडे आहे. पहिल्याच दिवशी तो कठड्याशी टेकला, तेव्हा उवेने सांगितलं, "इथे अवी उभा राहतो." मुलगा एक पायरी खाली सरकला. त्याचं क्लबशी काय नातं आहे मला माहीत नाही, पण त्याला एका वाक्यात जे कळलं ते त्या अख्ख्या कार्यालयाला कळलं नाही, आणि कळणारही नाही, कारण न कळण्यातच त्यांचा धंदा आहे.

कुसुंबी मफलर अजून तिथे आहे. सुरक्षेचं कारण सांगून क्लबची माणसं मॅच संपली की तो सोडतात, पायरीवर टाकतात. उवे पुन्हा बांधतो. उवेचंही वय झालं. तेव्हा वाचणाऱ्यांनो, हळहळू नका, मला हृदयं पाठवू नका. तुम्ही ज्या क्लबला दरवर्षी निमूट पैसे भरता त्याला विचारा, मी आजारी पडलो तर माझ्या जागेचं काय करणार, आणि उत्तर मिळेपर्यंत नूतनीकरणाचं बटण दाबू नका. आणि कधी त्या पायऱ्यांवर आलात, डावीकडच्या कठड्याखाली काकूने विणलेला मफलर पडलेला दिसला, तर उचला. झटका. दोन गाठी मारून बांधा.