पोत्याखालचं यंत्र

ओढ्याच्या गाळाचा अहवाल ठाण्यात आला, तो दिवस मी विसरलेलो नाही. नेवासा तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. अहवाल घेऊन प्रदूषण तपासणाऱ्या पथकातल्या एक बाई आल्या. गाळात जुन्या डीपीच्या, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या, तेलातलं रसायन सापडलं होतं. ते कुजत नाही. माशांत, दुधात, माणसांत साठत जातं, असं त्यांनी सांगितलं. तांब्यासाठी झालेल्या डीपीचोरीचे गुन्हे आमच्याकडे पडून होतेच.

बाईंना एक गोष्ट उलगडत नव्हती. ओढ्याकाठच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गच्चीवर त्यांनी हवा तपासायचं यंत्र टांगलं होतं. स्टीलची दोन भांडी, आत हवेतलं रसायन धरून ठेवणारा स्पंज. गाळात एवढं तेल, आणि स्पंज जवळपास कोरा.

आम्ही त्या म्हाताऱ्या बाबांकडे गेलो. यंत्राशेजारी खताचं रिकामं पोतं होतं.

"हे कशाला, बाबा?" मी विचारलं.

"झाकाया. घोडेगावच्या बाजारादिवशी खालच्या अंगानं काळा धूर येतो लई. सरकारची वस्तू हाय. मळली तर तुमीच बोलनार."

बाईंनी कपाळाला हात लावला. "आणि तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"म्या? हितंच की. वढ्यावर म्हशी पाजतो."

धुराचा दिवस कळला, दिशाही कळली. पुढच्या बाजारी, सगळे जनावरांच्या सौद्यात असताना, आम्ही त्याच बाजूच्या एका भंगाराच्या शेडवर छापा घातला. तांब्याच्या तारांवरचं आवरण जाळणं चालू होतं. पंचांसमक्ष मुद्देमाल जप्त केला. चौकशीत शेडवाला तांब्याबद्दल तोंड उघडेना. मग मी तेलाचं विचारलं. तो हसला.

"तेलाचं कोन इचारतंय, सायेब? वतलं वढ्यात. चला, जागा दावतो."

माणूस किमतीची वस्तू लपवतो. जे विकलं जात नाही, ते त्याला गुन्ह्यातलं वाटतच नाही.

आम्ही बाबांना बातमी सांगितली. ते म्हणाले, "घावला, बरं झालं. मग आता म्हशी पाजू ना वढ्यात?"

"नको, बाबा," बाई म्हणाल्या.

"कवापातुर?"

बाई स्पंज बदलायला गच्चीवर चढल्या.

पुढे बाबा पोटातल्या गाठीने गेले. तिचा त्या तेलाशी संबंध डॉक्टर जोडत नाहीत, नाकारतही नाहीत. आरोपी सापडला की तपास संपला, असं धरून मी नोकरी केली. या प्रकरणानंतर तसं धरता आलं नाही.

बाबांच्या श्राद्धाला मी दरवर्षी नगरच्या सावेडीहून जातो. शेडवाला शिक्षा भोगून सुटला आहे. घरच्यांनी म्हशी विकल्या. यंत्र गच्चीवर टांगलेलं आहे, आता ते कोणी झाकत नाही. तेल गाळात आहे.