‘पुअर कंडिशन’मधले सील

“सील उपाशी आहेत. तीन शब्द. यात तुला अडचण काय आहे?” शेरिल फोनवर विचारत होती.

मी प्रयोगशाळेच्या पार्किंग लॉटमध्ये उभी होते. केसांना माशाच्या तेलाचा वास, बोटं बधिर.

“अडचण एवढीच की ते खरं नाही.”

“मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. स्पीकरफोनवर. तुझे ते अंकल म्हणाले, पुअर कंडिशन. व्हेरी पुअर.”

शेरिल माझी बॉस. कॅनडात, ओटावातल्या एका लहानशा पर्यावरण संस्थेत मी कॅम्पेनर होते. म्हणजे पत्रकं लिहायची, सह्या गोळा करायच्या, कडाक्याच्या थंडीत पार्लमेंटसमोर बॅनर धरून उभं राहायचं आणि खासदारांच्या असिस्टंट लोकांचं गोड हसणं झेलायचं. विषय होता समुद्रावरचा बर्फ. उत्तरेत तो लवकर फुटायला लागला होता. सरकार अहवालांवर अहवाल मागवत होतं. चीड यायला एवढं पुरेसं होतं. पत्रकात खोटं घालायची गरज नव्हती.

रिंग्ड सील हा लहान चणीचा सील, अंगावर कड्यांसारखी नक्षी. मादी गोठलेल्या समुद्रावर साचलेल्या बर्फात गुहा करते आणि तिथे पिल्लू घालते. बर्फ वेळेआधी फुटला किंवा अवेळी पाऊस आला, तर गुहेचं छप्पर बसतं आणि दूधपितं पिल्लू उघड्यावर पडतं. त्यामुळे प्रश्न साधा होता. या सीलांची तब्येत कशी आहे?

उत्तर मात्र साधं नाही. सीलला दवाखान्यात नेता येत नाही. उत्तरेतले इनुइट लोक खाण्यासाठी सीलची शिकार करतात, पिढ्यान् पिढ्या करत आलेत. आमच्या प्रकल्पात गावातली शिकाऱ्यांची संघटना त्याच सीलांचे नमुने काढायची: जबडा, यकृत, पोट. कातडीखालच्या चरबीला ब्लबर म्हणतात. तिची जाडी शिकारी तिथेच मोजून कळवायचे. नमुने गोठवून विमानाने आमच्याकडे यायचे. इथे दाताचा पातळ काप काढून, झाडाची वलयं मोजावीत तसे थर मोजले की वय कळतं. पोटावरून काय खाल्लं ते कळतं आणि यकृतावरून अंगात काय विष साठलंय ते.

हे काम बघायचे वानखेडेकाका; मी अधूनमधून त्यांच्या हाताखाली नमुने लावायला जायचे. नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजातून शिकून सत्तरच्या दशकात इकडे आलेले. रिटायर झाले होते, पण आठवड्यातून दोनदा लॅबमध्ये यायचेच. एवढ्या वर्षांच्या बर्फाने त्यांच्या बोलण्यातलं नागपूर जराही गोठलं नव्हतं.

फोन ठेवून मी आत गेले. “काका, तुम्ही शेरिलला पुअर कंडिशन म्हणालात?”

“म्हणलो ना. तिनं विचारलं, जूनचा लॉट कसा आहे. धुक्यात विमान अडकलं, खोका विमानतळावर पडून राहिला, सगळं पाणी पाणी. यकृतं तर हात लावायच्या लायकीची नाहीत. पुअर नाही तर काय गुड म्हणू?”

मी खुर्चीवर बसले. “तिला वाटलं, सीलची कंडिशन.”

“भैताड आहे का ती? सीलच्या तब्येतीला आम्ही बॉडी कंडिशन म्हणतो. नुसती कंडिशन म्हणजे माल कसा पोचला ते. हे सांगतच होतो, तर बाईनं थँक यू म्हणून फोन ठेवला.”

“पण ब्लबरही पातळच आहे.”

“जूनमध्ये दरवर्षीच पातळ असते. केस गळायचा मोसम. बर्फावर लोळून ऊन खातात, जेवण कमी. श्रावणात उपास करणाऱ्याचं वजन करून तू दुष्काळ पडला म्हणशील का?”

“मग मी काय लिहू? सगळं उत्तम आहे?” माझा आवाज चढला होता.

“उत्तम कोण म्हणलं? यंदाची पिल्लं कमी दिसून राह्यली शिकारीत. काहून, ते माहीत नाही. बर्फ लवकर गेला म्हणून मेली असतील. नाही तर बर्फ लवकर गेला म्हणून शिकारीच तिथवर पोचले नसतील. पुढच्या वसंतातले नमुने येऊ दे, मग बोलू.”

पुढच्या वसंतातले नमुने यायचे तर लिया राजी राहायला हवी होती. लिया त्या गावातल्या संघटनेची मॅनेजर. दक्षिणेतल्या कॅम्पेनर मंडळींना तिच्या गावाने आधी एकदा भोगलं होतं. शिकार थांबवा म्हणत गोंडस सीलचे फोटो छापून झाले, कातड्यांचा बाजार बसला, आणि फोटो काढणारे घरी गेले. आम्हाला हो म्हणताना तिने एकच अट घातली होती. “आमच्या सीलबद्दल काहीही छापायच्या आधी आम्हाला वाचून दाखवायचं. तुम्ही सीलचा फोटो काढता ना, तेव्हा आम्ही नेहमी फ्रेमच्या बाहेर असतो.”

मी बसने ऑफिसला आले. अंगातला कोट न काढता शेरिलच्या दारात उभी राहिले आणि काका जे म्हणाले ते सगळं सांगितलं, श्रावण सोडून. श्रावण इंग्रजीत सांगायची ताकद उरली नव्हती.

शेरिलने कपाळ चोळलं. ती दुष्ट बाई नव्हती. वीस वर्षं ओरडून कुणी वळून न बघितल्यावर माणूस होतो तशी झाली होती.

“पत्रकातून काढते,” ती म्हणाली. “पण ‘सील पुअर कंडिशनमध्ये’ असं प्रेस रिलीज सकाळीच गेलंय.”

“लियाला न दाखवता?”

“डेडलाइन होती.”

दुरुस्ती मी लगेच लिहून सगळीकडे पाठवली. स्वच्छ, सरळ, एकही उद्गारचिन्ह नसलेली. ती कुणी वापरली नाही. ‘सील ठीक असावेत, नक्की सांगता येत नाही’ ही काय बातमी आहे?

दुसऱ्या दिवशी लियाचा फोन आला. आवाज शांत होता, त्याचीच भीती वाटली.

“इकडच्या रेडिओवर तुमचं आलं. आमच्या भाषेत सांगताना ‘पुअर कंडिशन’चं ‘आजारी’ झालं. माझी आई सकाळी मांस कापायला बसली होती. तिने ते तसंच परत फ्रीजरमध्ये ठेवलं. मला विचारते, याला कसला रोग झालाय?”

“लिया, सील आजारी नाहीत. आम्ही दुरुस्ती पाठवलीय...”

“मला माहीत आहे आजारी नाहीत. मीच मोजलेत. आईला तू समजावतेस का?”

मी दुरुस्तीचा कागद समोर ओढला.

“आणि मला वाचून दाखवायचं ठरलं होतं ना?”

शेरिलची डेडलाइन तिला सांगायची मलाच लाज वाटली. गावात संघटनेची बैठक झाली. नमुने बंद. रागावून नाही, तिने स्पष्ट केलं. लोक थकलेत, एवढंच.

मग पुढचा वसंत आला, आणि उत्तरेत अवेळी पाऊस पडला. भर पिल्लांच्या दिवसांत. ज्या घटनेबद्दल आम्ही इतकी वर्षं पत्रकं छापत होतो, नेमकी तीच. मी लॅबमध्ये गेले तेव्हा काका सीलच्या नमुन्यांचा फ्रीजर बंद करून पुसत होते. “रिकामा चालवून काय करू?” म्हणाले.

तेवढ्यात शेरिलचा फोन. “पाऊस पडलाय तिकडे! पिल्लांचं काय झालं?”

“माहीत नाही.”

“अंदाजे?”

“अंदाजेही माहीत नाही.”

“मला छापता येईल असं काहीतरी सांग.”

“हेच छाप,” मी म्हणाले.

तिने छापलं नाही.

सीलची तब्येत तपासायला जबडा लागतो, यकृत लागतं आणि लिया लागते. पहिली दोन फ्रीजरमध्ये टिकतात.